मुतवल्लींचा पंजा

हाजी मुतवल्लींचा हात म्हणजे हात नव्हताच, चिमटा होता! तीस वर्षं त्यांनी इजिप्तमधल्या दमनहूर शहरातल्या आपल्या भट्टीतून फुगलेल्या रोट्या नुसत्या बोटांनी ओढल्या होत्या. हे गल्लीतल्या मांजरांनाही पाठ होतं.

एकुलती एक नवारा लग्नानंतर लांब जाऊ नये, म्हणून त्यांनी घरावर मजला चढवला. स्लॅब ओतला त्या दिवशी होणारा जावई हाजेम रबरी हातमोजे घेऊन आला. तो बांधकामावर मुकादम होता.

"काका, सात दिवस स्लॅबवर पसरलेली पोती ओली ठेवायची. पण हातमोजे घालूनच हं! सिमेंटचं पाणी कातडी खातं, आणि आधी कळतही नाही."

"पोरा, मला आगीनं खाल्लं नाही, पाणी काय खाणार!"

हातमोजे खुंटीला गेले. दृष्ट लागू नये म्हणून मुतवल्लींनी ओल्या काँक्रीटमध्ये उजवा पंजा दाबला, आणि ठसा खोल उठावा म्हणून सगळी दुआ संपेपर्यंत दाबून धरला. मग रोज उघड्या हातांनी पोती भिजवली, उलटवली. चौथ्या दिवशी तळवे लालभडक झाले, चहाचा पेलाही धरवेना.

"अगं बाई! नवरीच्या आधी तुम्हीच मेंदी लावलीत की काय?" बायको इन्शिराह म्हणाली.

"हळू बोल! हाजेमला कळलं तर माझी काय पत राहील?"

सहाव्या दिवशी निकाह. सासऱ्यानं आणि जावयानं उजवे हात घट्ट धरायचे, वर काझींनी पांढरा रुमाल टाकायचा, ही रीत. मुतवल्लींनी हळूच डावा पुढे केला.

"उजवा, हाजी!" काझी म्हणाले.

हाजेमनं घाबरून सगळा जीव मुठीत आणून हात आवळला.

"म्हणा, माझी लेक नवारा तुला दिली."

"माझी लेक नवारा तुला... नाही! नाही! सोड!"

नवारा पांढरीफटक पडली. "आता आमच्यात काय खोट निघाली?" हाजेमची आई कडाडली. काझींनी वही मिटली, आणि त्या गडबडीत रुमाल घसरला.

सोललेला तळहात बघून हाजेमला सगळं उमगलं.

"काका, हातमोजे?"

"खुंटीला," मुतवल्ली पुटपुटले. लाजेनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण लेक दिली रे! दहादा दिली! फक्त मनगट धर!"

काझींनी हसू दाबत वही उघडली. सह्या होताच जावयानं सासऱ्याला जेवणाआधी डॉक्टरकडे नेलं.

निकाहच्या फोटोत हाजेमनं मुतवल्लींचं मनगट पकडलंय, भुरटा चोर धरावा तसं. गच्चीवर पंजा अजून ठसठशीत आहे. शेजारी नवारानं खिळा ठोकून ते कोरे हातमोजे टांगलेत. दृष्ट लागू नये म्हणून!