नामदेवअण्णांची तार

नामदेवअण्णांना तब्येत विचारली की ते आकडा सांगतात. "कसं काय अण्णा?" म्हटलं की उत्तर येतं, "अकरा." चेहरा उतरलेला असला तर, "आज छत्तीसवर गेलंय, काय खरं न्हाय." मला आधी वाटलं, साखर किंवा रक्तदाब असेल. पुढं कळलं की हा त्यांच्या इंटरनेटचा पिंग. आपल्या कॉम्प्युटरवरून निघालेला निरोप पलीकडे पोचून परत यायला लागणारा वेळ. जितका कमी तितका खेळ चांगला.

होय, खेळ. सत्तरीला टेकलेले अण्णा रोज संध्याकाळी कळंब्यातल्या आपल्या घरात कानाला हेडफोन लावून ऑनलाइन बंदुकांचा खेळ खेळायला बसतात. मी शेजारी राहतो, त्यामुळे माझी यातून सुटका नाही.

टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. गगनबावड्याच्या पावसात खांबावर चढण्यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळे वायफायचा मनापासून राग. "हवेत सोडल्यालं बोलणं कुठंबी जातंय. तार ती तार." माझ्या घरी आले की राउटरकडं बघून विचारायचे, "ह्या शिंगांनी काय हुतंय?" त्यांच्या घरात मात्र बाहेरच्या खोलीतून निघालेली केबल उंबऱ्यावरून, स्वयंपाकघराच्या फळीखालून थेट आतल्या कॉम्प्युटरपर्यंत गेलेली. आल्यागेल्याला दारातच सूचना, "पावणं, पाय बघून टाका." एकदा त्यांच्या बहिणीचे यजमान त्या तारेत अडकून पालथे पडले. अण्णा धावत आले आणि त्यांनी आधी तार तपासली.

गल्ली हसायची. मीही हसायचो. म्हाताऱ्याला नाद लागलाय म्हणायचो.

नाद कशाचा ते मला उशिरा समजलं. अण्णांचा एकुलता मुलगा अभिजित पुण्यात नोकरीला आहे. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्या आणि बापलेकांच्या फोनवरच्या बोलण्यातला जीवच गेला. पण तो रोज संध्याकाळी सात वाजता मित्रांबरोबर हा खेळ खेळतो, हे अण्णांना ठाऊक होतं. म्हणून ते खेळ शिकले. बोटं वळत नव्हती तरी शिकले. पोराच्या टीममध्ये जाऊन बसले.

तेव्हा घरात कंपनीनं बसवून दिलेलं वायफायच होतं. ऐन मोक्याला अण्णांचा खेळ अडकायचा आणि टीम हरायची. शेवटी अभिजितनं सांगितलं, अण्णा, तुमचं वायफाय अडकतं, आमच्या सगळ्यांचा खेळ बिघडतो, आधी ते नीट करा. अण्णांनी चार दिवसांत घरभर ती केबल ओढली. दोन दिवस बापलेक झकास खेळले. तिसऱ्या दिवशी मुलाचा मेसेज आला की आज माझंच नेट गेलंय. चौथ्या दिवशी तेच. मग रोजच तेच.

मी एका लग्नासाठी पुण्याला निघालो तेव्हा अण्णा एक पुडकं घेऊन आले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली केबल. दोन्ही टोकं त्यांनी स्वतः बसवलेली. लाडवाचा डबा द्यावा तशी माझ्या हातात दिली. म्हणाले, "त्याला म्हणावं ही जोड. जन्मात अडकायचं न्हाय."

पुण्यात मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. अभिजितनं दार उघडलं तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यात होता आणि मागं पडद्यावर धडाधड गोळ्या सुटत होत्या. त्यानं पुडकं घेतलं आणि चपलांच्या स्टँडवर ठेवलं. मी विचारलं, नेट गेलंय ना तुझं? तो ओशाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ते आले की आम्ही हरतो. आणि खेळता खेळता मधेच विचारतात, जेवलास का. सगळे हसतात हो." त्यांना हे मी कसं सांगू, तुम्हीच काहीतरी सांगा, असंही म्हणाला. त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. मी चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी घरी पोचेपर्यंत सात वाजून गेले होते. अण्णा फाटकातच उभे.

"जोडली का?"

"जोडली की. लगेच."

अण्णा मला आत घेऊन गेले, कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर नावांची यादी होती. अभिजितच्या नावापुढं हिरवा ठिपका.

"ह्यो ठिपका म्हंजे तो आत्ता खेळतोय," अण्णा म्हणाले. "रोज असतोय. तुमास्नी खोटं बोलाय जमत न्हाय."

मी खाली बघत विचारलं, "मग केबल कशाला पाठवलीत?"

अण्णा शेजारी स्टूल ओढून बसले.

"एखांद्या दिवशी खरंच नेट गेलं असंल तर?"

अण्णांनी माउसला हात लावला नाही. हेडफोनही घेतला नाही. नुसते त्या ठिपक्याकडं बघत बसले. मलाही उठवेना. साडेआठच्या सुमारास ठिपका विझला.

"उठला बघा," अण्णा म्हणाले. "आता जेवंल."

आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायला ते आत गेले.