फक्त संदर्भासाठी ठेवलेली मोटार

मोटारीवर आच्छादन कागदाचे घालावे की कापडाचे, या विचारात ग्रंथपालांचे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही घातली. आत पातळ कागद, वर मऊ कापड आणि सर्वांत वर दोरीला बांधलेली पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते, 'फक्त संदर्भासाठी. बाहेर नेण्यास मनाई.'

"आत बसून संदर्भ घेतला तर चालेल का?" शेडच्या दारातून त्यांच्या पत्नीने विचारले.

"आत कशाला बसायचं? बाहेरूनही छान दिसते."

"कापडाखाली?"

ग्रंथपालांनी पाटी जरा सरळ केली.

मोटार मामांची. मामा नव्वदी ओलांडून, सकाळचा चहा संपवून, कोणाला त्रास न देता गेले. मूलबाळ नव्हते, त्यामुळे मोटार भाच्याकडे आली. सोबत एक चिठ्ठी होती. 'चावी अर्धी फिरवून थांबायचं, मग पुरी फिरवायची. तिला घाई चालत नाही. तुलाही नाही, तेव्हा तुमचं जमेल.'

हस्तिदंती रंगाची ती दोन दारांची मोटार मामा दर रविवारी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत नेत आणि परत आणत. निघताना भाच्याच्या दारात थांबून भोंगा वाजवत. भाचेसून चपला घालून तयारच असे. ग्रंथपाल मात्र खिडकीतून हात हलवत आणि म्हणत, "पुढच्या रविवारी नक्की." मग तीही चपला काढून ठेवी. असे पुढचे रविवार साठत साठत पंचेचाळीस वर्षांचे झाले होते.

त्याला कारण होते. तरुणपणी मामांनी याच मोटारीवर त्यांना शिकवले होते आणि परवाना मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालांनी ती याच अंगणाच्या फाटकाच्या खांबाला धडकवली होती. मामा हसले, म्हणाले, खांब तसाही पाडायचाच होता. पण त्यानंतर ग्रंथपालांनी मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. परवान्याची मुदत मात्र एकदाही चुकू न देता वाढवून घेतली. मुदतीच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

मोटार आल्यावर आठवड्याभरात एक पारखी आला. जुन्या मोटारींची पारख हाच त्याचा व्यवसाय होता. त्याने खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि तिथेच ग्रंथपालांचे मन जिंकले. दुर्मिळ पुस्तकांना हात लावताना तेही असेच मोजे घालत असत. पारख्याने भिंगातून दाराच्या बिजागऱ्या पाहिल्या, गादीची शिवण पाहिली आणि आवाज खाली आणून सांगितले की अशा अकरा मोटारी बनल्या होत्या, त्यांतल्या चार उरल्या आहेत, आणि मूळच्या भागांसह अशी ही एकच.

"ही रस्त्यावर काढणं म्हणजे हस्तलिखिताच्या पानांनी काचा पुसण्यासारखं आहे," तो म्हणाला.

ग्रंथपालांच्या अंगावर काटा आला. मोटारींचे एक संग्रहालय अशा मोटारीच्या शोधात आहे, तिथे तिच्यापुढे मामांच्या नावाची पितळी पट्टी लागेल, संग्रहालयाच्या प्रमुख दोन महिन्यांनी पाहायला येतील, तोवर तिला हलवू नका, असे पारख्याने बजावले. ग्रंथपालांना एकदम हलके वाटले. मामांची वस्तू सुखरूप राहणार, आणि आपल्याला ती चालवावी लागणार नाही. यातले दुसरे वाक्य ते मनातल्या मनातसुद्धा हळूच म्हणाले.

उस्तादांचे मत निराळे होते. उस्ताद म्हणजे मामांचे मेकॅनिक. मोटारीच्या बॉनेटला कान लावून ते आतले दुखणे सांगत असत.

"बसवून ठेवू नका हो हिला," ते म्हणाले. "बसली की रुसते. आठवड्यातनं एकदा तळ्यापर्यंत न्या, बास."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर मी आहे. नाही नेलीत तर मीसुद्धा काही करू शकणार नाही."

ग्रंथपालांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि हातमोज्यांच्या बाजूने निर्णय दिला. रात्रीचे जेवण वाढताना पत्नीने विचारले, "तळ्याला जायला बस कुठून सुटते हो?" ग्रंथपालांना त्या दिवशी दुसरी पोळी नको वाटली.

मग ते कामाला लागले. एकतीस वर्षे त्यांनी कागदाला कसर, वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचवले होते, तेव्हा तीच विद्या मोटारीला लावली. चारी चाके विटांच्या थरांवर उचलली. बॅटरी काढून घरात पुस्तकांच्या कपाटाखाली ठेवली. गाद्यांच्या फटींत पातळ कागद सारला. इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत, दारांच्या कप्प्यांत, आरशाच्या मागे, जिथे जिथे बोट जाईल तिथे तिथे डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या. काय काढले आणि काय कुठे ठेवले याची क्रमवार नोंद एका वहीत केली. सदतीस नोंदी झाल्या. शेड उघडली की एखाद्या मोठ्या पेटीत डोके घातल्यासारखा वास येई.

"झुरळ काय, माणूसही फिरकायचा नाही इकडे," पत्नी म्हणाली.

ठरलेल्या रविवारी भल्या सकाळी पारखी आधी आला. मागोमाग फाटकातून एक हिरवी, धुळीने माखलेली, ग्रंथपालांच्या लग्नापेक्षा जुनी दिसणारी मोटार आत आली. तिच्यातून साठीच्या एक धिप्पाड बाई उतरल्या. नखांत काळे वंगण होते आणि केसांत वारा. या संग्रहालयाच्या प्रमुख असतील हे ग्रंथपालांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांची कल्पना मोठ्या हातमोज्यांची होती.

पारख्याने दोन्ही आच्छादने हलक्या हाताने दूर केली. बाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली, दोनदा शिंकल्या, पाटी वाचली, विटा पाहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "चालू करा."

"चालू?" ग्रंथपालांनी पारख्याकडे पाहिले. पारखी गादीची शिवण मोजायला मोटारीच्या मागच्या सीटवर शिरला होता.

"आमच्याकडे सोळा मोटारी आहेत, सोळाच्या सोळा महिन्यातून एकदा रस्त्यावर असतात. स्वतःच्या चाकांवर येईल तीच मोटार आम्ही घेतो. उभ्या मोटारीला आम्ही फर्निचर म्हणतो." बाईंनी पाटीला बोट लावून ती झुलवली. "तुम्ही ग्रंथपाल होतात ना? न उघडलेल्या पुस्तकांचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार."

ते बाई सहज बोलून गेल्या, पण ग्रंथपालांना कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखे झाले. वाचनालयात नकाशांचा एक जुना ग्रंथ होता. गावातली सर्वांत दुर्मिळ वस्तू. एकतीस वर्षे त्यांनी तो काचेच्या कपाटात कुलपात ठेवला, मागणाऱ्याला गोड शब्दांत परत पाठवले. निवृत्तीच्या दिवशी नव्या ग्रंथपालाला दाखवायला म्हणून तो उघडला, तर हातात नुसते पुठ्ठेच आले. आतले जग कसरीने खाऊन टाकले होते. समुद्र गेले होते, पर्वत गेले होते, वाचनालयाचा शिक्का तेवढा शाबूत होता. नवा ग्रंथपाल सभ्यपणे खिडकीबाहेर पाहत राहिला. ही गोष्ट त्यांनी फक्त पत्नीला सांगितली होती. पत्नीने ती पुन्हा कधी काढली नव्हती. आता ती नुसती त्यांच्याकडे पाहत होती.

"उस्तादांना बोलावतो," ग्रंथपाल म्हणाले.

उस्ताद स्कूटरवरून आले, मोटारीची अवस्था पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि बाह्या सरसावल्या. मग वही उघडली. ग्रंथपाल चालकाच्या जागेवर बसून एकेक नोंद मोठ्याने वाचत होते, पत्नी शेजारी बसून आतल्या पुरचुंड्या काढत होती, उस्ताद बाहेरच्या, आणि मागे पारखी टाके मोजत होता. बॅटरी आली, विटा निघाल्या, पेट्रोल आले, चाकांत हवा भरली. छत्तिसाव्या नोंदीशी पान संपले. ग्रंथपालांनी समाधानाने वही मिटून पत्नीच्या मांडीवर ठेवली.

"चावी अर्धी," ते स्वतःशीच म्हणाले. "थांबायचं. मग पुरी."

मोटार कण्हली. पुन्हा कण्हली. मग तिने आत कुठेतरी मोठा श्वास घेतला, तो सोडायला तिला जागा मिळेना, आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला. मागच्या बाजूने पांढऱ्या गोळ्यांचा वर्षाव सुटला. त्या शेजारच्यांच्या पत्र्यावर ताडताड वाजल्या, संग्रहालयाच्या हिरव्या मोटारीच्या टपावरून टणाटण उड्या मारत गेल्या, आणि एक पिशवी, रिकामी, मागच्या कुंपणाला जाऊन चिकटली.

पत्नीने वही उघडली, पान उलटले आणि शांतपणे वाचले. "नोंद सदतीस. धुराचा पाइप. डांबराच्या गोळ्यांची पिशवी, घट्ट."

जन्मभर लोकांना पाने उलटायला सांगणारे ग्रंथपाल एक पान उलटायला विसरले होते. पण याची लाज वाटायला सवड मिळाली नाही, कारण मोटार चालू झाली होती. घशात अडकलेले निघाल्यावर माणूस बोलायला लागतो तशी ती गुरगुरत होती. उस्तादांनी बॉनेटला कान लावला, त्यांचा चेहरा उजळला.

"पुढं घ्या हातभर," ते ओरडले, "चाकं मोकळी होऊ द्यात. आणि काही झालं तरी अर्धा तास बंद करू नका. आता बंद पडली तर महिनाभर उठायची नाही."

ग्रंथपालांनी हातभर पुढे घेतली. अंगणाला फाटकाकडे उतार होता, ही गोष्ट त्यांना पंचेचाळीस वर्षांपूर्वीही उशिराच आठवली होती. हातभराचे चार हात झाले. थांबवावी तर बंद पडेल, आणि उस्तादांनी अर्धा तास सांगितला होता. नियम म्हणजे नियम. ग्रंथपालांनी घड्याळात पाहिले, नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि फाटकाच्या दोन खांबांच्या बरोबर मधून मोटार रस्त्यावर नेली.

"खांब राहिला," पत्नी म्हणाली.

"दोन्ही राहिले," ग्रंथपाल म्हणाले. आपला आवाज इतका मोठा निघू शकतो याचे त्यांनाच नवल वाटले.

मागून पारख्याचा क्षीण आवाज येत होता. मला उतरू द्या, मीटर पुढे सरकतोय, रस्त्यावर खडी आहे, असे बरेच काही तो म्हणत होता. मोटारीला मागे दार नव्हते आणि पुढचे दोघे हलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. किराणा दुकानदार वजन करता करता थांबला. रविवारच्या सुटीतल्या पोस्टमनने सायकल कडेला घेऊन सलाम ठोकला, तो मोटारीला होता. आरशात पाहिले तर मागून उस्तादांची स्कूटर येत होती, तिच्या मागे हिरवी मोटार, आणि सगळ्या रस्त्यावर डांबराच्या गोळ्यांचा मंद वास पसरत होता.

तळ्यावर पोचले तेव्हा नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती. पाळीजवळ मोटार उभी करून ग्रंथपाल इंजिन तसेच चालू ठेवून बसले. अजून बारा मिनिटे होती. पाण्यावर ऊन होते, कडेला दोन बगळे होते. पत्नीने घरातल्याच सपाता काढून पाय वर घेतले.

"हे होय ते तळं," ती म्हणाली.

"का गं? लहान वाटतं?"

"छे. मोठं आहे. मला आपलं वाटायचं, मामा उगीच सांगतात."

बरोबर नऊ चाळीसला ग्रंथपालांनी चावी फिरवली. शांतता झाली. मागे पाहिले तर पारख्याने हातमोजे काढून खिशात ठेवले होते आणि उघड्या काचेवर कोपर टेकून तो बगळे पाहत होता.

बाई हिरव्या मोटारीतून उतरून आल्या. मोटार पसंत आहे, पट्टीवर मामांचे नाव घालू, कागद आजच करू, असे म्हणत त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. ग्रंथपालांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला, घडी करून परत दिला. मग चष्मा पुसला. नाही म्हणायची वेळ आली की ते नेहमी चष्मा पुसत.

"ती सध्या बाहेर गेलेली आहे," ते म्हणाले.

"बाहेर? ही काय समोर आहे."

"म्हणजे वाचकाकडे गेलेली आहे." त्यांनी पत्नीकडे मान वळवली. "तुमचं नाव राखीव यादीत लिहून ठेवतो. मोटार परत आली की आधी यादीतल्यांना कळवतो, आमची तशी पद्धत आहे."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. आता काही ऐकावे लागणार, या कल्पनेने ग्रंथपालांचे कान लाल झाले. पण बाईंनी वाकून पत्नीच्या मांडीवरच्या वहीत पाहिले. "कितवा नंबर माझा?"

"तिसरा."

"पहिला कोण?"

"उस्ताद," ग्रंथपाल म्हणाले.

"आणि दुसरा मीच," मागच्या सीटवरून पारखी म्हणाला. "परत जाताना मला पुढे बसायचं आहे."

ग्रंथपालांनी वहीच्या कोऱ्या पानावर तिन्ही नावे वळणदार अक्षरात लिहिली, उतरून पारख्याला बाहेर येऊ दिले आणि ते पुन्हा चालकाच्या जागेवर बसले. पत्नी जागची हलली नव्हती.

"मुदत किती दिवसांची?" तिने विचारले.

"सात."

"वाढवून मिळते?"

एकतीस वर्षांत ग्रंथपालांनी कारण विचारल्याशिवाय, आणि मागे रांग असताना तर कारण ऐकूनही, कोणाला मुदत वाढवून दिली नव्हती. त्यांनी रांगेकडे पाहिले. रांग तळ्याच्या काठी दगडांवर बसून उस्तादांच्या थर्मासमधला चहा पीत होती.

"मिळते," ते म्हणाले, आणि चावी अर्धी फिरवून थांबले.