सोफे अंगणात

"आज जेवताना तुझे बाबा हसणार म्हणजे हसणार!" बुपेने लेकीला ठणकावून सांगितलं.

एवढा आत्मविश्वास आला कुठून? टीव्हीवरून! रश्शात चुरून टाकायच्या मसाल्याच्या वडीची ती जाहिरात दिवसभर लागायची. पडेल चेहऱ्याचा बाप घरी येतो, टेबलाशी बसतो, पहिला घास घेतो आणि असा हसतो, जणू मालकाने पगार दुप्पट केला! बुपेच्या घरचा बाप, कबासो, मात्र खाणीने कामावरून काढल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताट आत न्यायचं, अर्धं परत आणायचं. बोलणं नाही, भांडणसुद्धा नाही. बुपेला त्यांच्या भांडणांची फार आठवण यायची.

"पण आई, त्यांच्याकडे टेबल आहे," कोम्बे म्हणाली. "आपण चटईवर बसतो."

"मग आणू टेबल!"

चर्चचं लांबलचक टेबल हातगाडीवरून आलं आणि दारात अडलं. बाहेरच्या खोलीत जागा कुठे होती? मायलेकींनी दोन्ही सोफे ढकलत अंगणात काढले.

आता, आमच्या या खाणीच्या गावात, किटवेत, सोफे अंगणात कधी निघतात, हे शेंबडं पोरही सांगेल. घरात कुणी गेलं, की रडायला येणाऱ्या बायकांना खाली बसायला जागा करतात, तेव्हा! बुपेला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त वडी होती.

शेजारच्या लोंबेमावशी कुंपणाशी थबकल्या. कांदा चिरता चिरता बुपे दारात आली. डोळ्यांतून नुसत्या धारा!

"अगं बाई, काय झालं?"

"काय सांगू, मावशी! कोम्बेचे बाबा उठतच नाहीत. हाका मारून घसा बसला माझा."

मावशींनी असा हंबरडा फोडला, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री दचकून उठली! केवढा हा कळवळा, असं वाटून बुपेलाही भरून आलं. कांद्याचं रडू संपलं आणि खरं सुरू झालं. कितीतरी दिवसांचं साठलं होतं.

मग काय! बायका पिठाच्या पिशव्या आणि कोळसा घेऊन आल्या, टेबलाभोवती जमिनीवर बसून रडू लागल्या. "शवपेटीला टेबल चांगलं मजबूत आणलंय हो," एकीने हुंदका देत म्हटलं. अंगणात पुरुषांनी शेकोटी पेटवली. कबासोचा धाकटा भाऊ म्पुंडू धावत आला, वहिनीच्या गळ्यात पडला आणि कानात म्हणाला, "वहिनी, दादाच्या सायकलीचं काय ठरलंय?"

"सायकल? अहो, पण मेलंय कोण?" बुपे ओरडली.

"धरा गं हिला, धक्का बसलाय बिचारीला!"

चौघींनी तिला धरून खाली बसवलं. ती सुटायला बघे तसतशा त्या अधिकच घट्ट धरत. चुलीवर वडीचा रस्सा करपला. अंगणात पाद्रीबाबांनी सुरुवात केली, "आपला कबासो कष्टाळू होता. कबासो कधी खोटं बोलला नाही..."

आणि दारात बनियनवर कबासो!

किंकाळ्या, पळापळ! म्पुंडूने तर कुंपणावरून उडी मारली. लोंबेमावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "जिवंत आहात, तर सांगायची काही रीत?" त्या खेकसल्या.

कबासो अंगणातल्या सोफ्यावर जाऊन बसला. भीत भीत परतणाऱ्या एकेकाच्या रडून सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. बुपे सुटून धावत आली आणि तिथेच थबकली, कारण नवऱ्याने तोंड उघडलं होतं.

"पाद्रीबाबा, थांबलात का? पुढचं सांगा ना."

पाद्रीबाबांनी टोपी हातात फिरवली, खाकरले.

"कबासो, अरे... एवढंच होतं."

कबासोने मान हलवली आणि सोफ्यावर थोडं सरकून त्यांना बसायला जागा दिली.