आठवीतली रिकामी खाट

पाचवीला स्नेहलला निवासी शाळेत ठेवायला जयाचा जीव झाला नव्हता. (एवढीशी पोर, रात्री पांघरूण कोण घालील?) पण गावची शाळा सातवीपर्यंतच. जया स्वतः तिथेच थांबली होती. पोरीचं तसं होऊ नये म्हणून तिने तीन वर्षं उशिरा का होईना, धसईकडच्या शाळेत अर्ज टाकला. निरोप आला, आठवीत एकच जागा आहे, मुलीला घेऊन या.

"भरल्या वर्गात खाट मधीच कशी रिकामी झाली गो?" सासू रंगूबाई म्हणाली. "आधीची पोर कुठं गेली?" आणि तिने तांदूळ, लिंबू, हळद जयाच्या पिशवीत कोंबली.

शाळेत स्नेहल परीक्षेला बसली आणि जया वसतिगृह बघायला गेली. भर दुपार. मुली वर्गात. लांबलचक खोलीत वीस खाटा, एकोणीस चादर घातलेल्या आणि कोपऱ्यातली एक उघडी. वारा नव्हता, तरी ती कुरकुरली. जया थांबली. खाटही थांबली.

"इथं कोण झोपायचं, मावशी?"

स्वयंपाकीण बाईजा दारातूनच बोलली, "त्या खाटेवर कोण टिकत नाय, बाय."

झालं! जयाने खाटेवरून सात वेळा उतारा ओवाळला आणि मागच्या तिठ्यावर टाकला. आता मागे वळून बघायचं नाही, पाय धुतल्याशिवाय बोलायचं नाही. नळ फिरवला, तर कोरडा! तेवढ्यात पाठीमागून शिपाई ओरडला, "स्नेहलच्या आई, मुलाखतीला चला!"

मान न वळवता जया ताठ चालत गेली.

"आपलं नाव?" मोठ्या बाईंनी विचारलं.

जया गप्प. बोटं पिवळी, डोळे वटारलेले.

"मुलीला ठेवणार ना?"

जया आणखी गप्प. बाईंची खुर्ची वीतभर मागे सरकली. त्यांनी पेपर देऊन आलेल्या स्नेहलला विचारलं, "यांना बोलता येतं का गं?"

"घरात तर थांबत नाय," स्नेहल म्हणाली.

जयाने खुणेने पाणी मागितलं. शिपायाने पेला दिला. तिने तो तिथेच स्वतःच्या पायांवर ओतला.

"अंगात आलं!" म्हणत शिपाई बाहेर पळाला.

"नाय हो!" जयाला एकदाची वाचा फुटली. "त्या खाटेवरची पोर मेली कशानं?"

"मेली? अहो, तिची आई दर रविवारी त्या खाटेवर बसून रडायची, शेवटी घरी घेऊन गेली. तिच्या आधीचीचंही तेच. आणि सध्या खाली मांजर व्यायलीय." बाईंनी जयाकडे निरखून पाहिलं. "मुलीचे मार्क उत्तम आहेत. भीती मला आईचीच वाटते."

"आई नाय राहणार, मी राहणार," स्नेहल म्हणाली.

बाई हसल्या आणि त्यांनी अर्जावर सही केली. "आजपासूनच राहा."

जयाने डोळ्यांना पदर लावला. स्नेहलने कोरा कागद मागून शाळेतला आपला पहिला अर्ज लिहिला:

'एक दिवस सुट्टी मिळावी. आईला घरी सोडायचे आहे. मुरबाडला एसटी बदलताना ती एकटी घाबरते.'