शेवटचं बाकडं

संदेश साळवी चौदा वर्षं चर्चच्या पंचकमिटीचे सचिव होते आणि चौदा वर्षं अध्यक्षपदाची वाट अत्यंत सहनशीलपणे पाहत होते. ही सहनशीलता कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून प्रत्येक वार्षिक अहवालात ते तिचा उल्लेख करत. यंदा जुने अध्यक्ष मुलाकडे ठाण्याला राहायला गेले आणि खुर्ची रिकामी झाली.

त्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की मेजवानीला बोलावलं तर शेवटच्या जागी बसावं आणि पुढारी होऊ पाहणाऱ्यानं आधी सेवक व्हावं. बिचाऱ्यांना एवढंच म्हणायचं होतं. पण कमिटीच्या कानावर पडलेली गोष्ट ठराव झाल्याशिवाय राहत नाही. ठराव क्रमांक सात: जो आठव्या रविवारी सर्वांत मागे बसलेला आढळेल, तो अध्यक्ष. सूचक, संदेश साळवी.

पहिल्या रविवारी नऊच्या उपासनेसाठी शेवटचं बाकडं साडेसातलाच भरलं. दुसऱ्या रविवारी नितेश पवार पहाटे येऊन एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून गेले. रुमाल टाकणं नम्रतेत बसतं का, यावर कमिटी दोन तास बसली. रुमाल साधा असल्यास बसतं, असं ठरलं. तिसऱ्या रविवारी संदेशरावांनी बाकड्यामागे खुर्ची मांडली. नितेशरावांनी तिच्यामागे स्टूल आणलं. मग व्हरांडाही भरून गेला, आणि सहाव्या रविवारी अवघी मंडळी अंगणातल्या फणसाखाली, चिऱ्यांच्या गडग्याच्या कुंपणाला पाठ लावून नम्रपणे बसली. नितेशराव तर रस्त्यापलीकडच्या एसटी थांब्यावर जाऊन बसले. तिथं गणपतीपुळ्याचे प्रवासी त्यांना गाडीची वेळ विचारू लागले. हद्दीबाहेरची नम्रता म्हणून ते बाद झाले.

आत फक्त जाईबाई उरल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एक कान पुरता गेलेला, दुसरा अर्धा. रविवारचं वचन ऐकणं ही त्यांची एकुलती एक चैन, म्हणून चाळीस वर्षं त्या पहिल्या बाकड्यावर बसत आणि उपासना संपली की सगळी बाकडी पुसून घरी जात. संदेशरावांनी त्यांना नोटीस काढली: आपण अग्रस्थानी बसून अहंकाराचं जाहीर प्रदर्शन करत आहात.

जाईबाई कागद घेऊन आल्या. "संदेश, बाबा, ह्यात काय लिवलंय?"

"मावशी, पुढे बसणं बरं दिसत नाही."

"पर मागं मला आयकाय येत न्हाय."

"सहन करायचं, मावशी. मी चौदा वर्षं करतोय ना?" बोलता बोलता संदेशरावांनी स्वतःचेच डोळे पुसले.

आठव्या रविवारी जाईबाई बाकडी पुसून शेवटी बाहेर आल्या. फणसाखाली जागा नव्हती, म्हणून फाटकाशी टेकल्या. अंतर मोजायला टेप लावली गेली. टेपचं दुसरं टोक संदेशरावांच्या पत्नीच्या, करुणाबाईंच्या हातात होतं.

"अहो, मावशी तुमच्यापेक्षा चार फूट मागे आहेत."

संदेशरावांनी टेप पुन्हा लावून पाहिली. चार फूटच. चौदा वर्षं. मग त्यांच्यातला सचिव जागा झाला. "त्या नोटिशीमुळे मागे आल्या. सक्तीची नम्रता ग्राह्य धरता येत नाही." ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन नितेशरावांचं, त्यांना उपाध्यक्षपद मिळालं होतं.

पुढच्या रविवारी सगळे आत परतले. पहिल्या बाकड्यावर 'अध्यक्ष' अशी पाटी लागली आणि संदेशराव नम्रतेवर चाळीस मिनिटं बोलले. जाईबाई फाटकाशीच होत्या. नोटीस मागे घ्यायला कमिटीची सभा लागते, आणि ती तीन महिन्यांनी होती. उशिरा आलेल्या करुणाबाईंना त्यांनी थांबवून काहीतरी विचारलेलं संदेशरावांना दारातून दिसलं.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. "मावशी काय विचारत होत्या?"

"तुम्ही काय सांगताय ते. नम्रतेवर बोलतायत, म्हटलं."

"मग?"

"म्हणाल्या, बरं बोलत असंल. पहिल्या बाकड्यावर धूळ बसली असंल, तेवढी पुसून घे." करुणाबाईंनी ताट बाजूला सारलं. "मला लाज वाटली हो."

संदेशरावांनी भात कालवला. मग म्हणाले, "तळमळ आहे म्हातारीत. अहवालात एक ओळ घालू."

हे वाचून आपण त्या मंडळींसारखे नाही, असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांच्यासाठी फणसाखाली जागा आहे. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं.