व्हिडिओ कॉलवरचा गॉगल

आमचे मारोतीकाका वर्षभर झालं, व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलताना काळा गॉगल लावतात. दिवस असो, संध्याकाळ असो, लाइट गेलेली असो. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला शेळ्या चारणारा साठीचा माणूस, डोक्याला उपरणं आणि डोळ्यांवर नवरदेवाला शोभेल असा गॉगल. कारण विचारलं की म्हणतात, "तू लेझरवर काम करतीस. एखादं किरण फोनातून आलं तर?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. मला हिंगोलीच्या कॉलेजात घालावं म्हणून बाबांशी भांडले ते काकाच. आता मी परदेशात एका प्रयोगशाळेत आहे. तिथं आम्ही रेडियमचा अणू दुसऱ्या अणूला जोडून रेणू बनवतो आणि त्यावर लेझरचा प्रकाश टाकतो. रेणू नेमका कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो, त्यात बारीकसा फरक पडतो. त्या फरकावरून अणूच्या पोटातलं केंद्रक कसल्या आकाराचं आहे ते कळतं.

काकांना मी सोपं करून सांगितलं. गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवून तुम्ही करडू कसं बसलंय ते ओळखता, तसंच. लेझर म्हणजे आमचा हात.

काकांनी बराच विचार केला. "बराबर हाय. मग हातच लाव ना. उजेड कशाला?"

"बराबर हाय, पर भेव वाटून राहिलं," हे त्यांचं पालुपद. मी रेडियमवर काम करते हे ऐकलं त्या दिवशी त्यांनी मोटारसायकलच्या मागची रेडियमची लाल पट्टी चाकूनं खरवडून काढली. त्या पट्टीत खरं रेडियम नसतं, असं मी सांगितलं. म्हणाले, नाव तर तेच हाय. मग मागून ट्रक ठोकेल याचं भेव वाटू लागलं, म्हणून दिवस मावळायच्या आत घरी यायला लागले.

हसायची गोष्ट आहे, पण भीती मलाही आहे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, दिसणाऱ्या किरणाला भ्या आणि न दिसणाऱ्याला त्याहून जास्त. पापणी मिटायच्या आत डोळ्याचा पडदा जळतो. लेझर चालू असल्याचा दाराबाहेरचा लाल दिवा लागला की अजूनही माझा हात आधी डोळ्यांकडे जातो. चष्मा चढवते, पुन्हा चाचपते.

यंदा सुट्टीत गावी गेले, तर बाबांचं एकच चाललेलं. झालं तेवढं बस, आता परत जाऊ नको. टीव्हीवर लेझरनं कुणाचे तरी डोळे गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं. काकांनी त्यांना उडवून लावलं, टीव्हीवाले काय बी दाखवतेत म्हणून. सावलीलाही भिणारा माणूस लेझरची बाजू घेतो, हे मला खटकलं.

संध्याकाळी करडाच्या पायातला काटा काढायला काकांनी दिवसभराचा गॉगल उतरवला. डावा डोळा गच्च मिटलेला. मी जवळ बसले, त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डावा उघडायला सांगितलं.

"मी दिसते?"

"केस दिसतेत. कान दिसतेत. मधी तोंडाच्या जागी काळं हाय."

मग सगळं निघालं. गेल्या लग्नसराईत कळमनुरीच्या एका वरातीत डीजेच्या गाडीवरचा हिरवा किरण सरळ डोळ्यात शिरला होता. पडदा जळाला, भरून येणार नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात कुणाला पत्ता नाही. मिटलेला डोळा कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून गॉगल, घरात धुळीच्या नावाखाली, फोनवर माझ्या किरणाच्या.

"काहून लपवलं, काका?"

करडाचा पाय त्यांच्या हातातच होता. "तुझा बाप म्हणल, त्याच लेझरनं भावाचा डोळा गेला, आता पोरीला धाडत न्हाई. त्याचं बी बराबर हाय." मग म्हणाले, "तुझा चष्मा घट्ट बसतो का, माय? फट तर राहत न्हाई?"

काटा मी काढला. बाबांना काही बोलले नाही.

परत आल्यापासून फोन लावायच्या आधी मीही प्रयोगशाळेतला चष्मा चढवते आणि मान वळवून दोन्ही बाजू दाखवते. काका फोन नाकाशी नेऊन कडा तपासतात. मागून बाबा म्हणतात, दोघं बी येडे.

"बराबर हाय," काका म्हणतात. पुढचं भेवाचं बोलत नाहीत.