सोकचुलदादांचा आकडा

हरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी कधी मुद्दाम हरून बघितलेलं नसतं. मी बघितलंय! समोरच्याला पत्ता लागू न देता हरायचं आणि वर चेहरा पाडून बसायचं, यात कोरियातल्या आमच्या अख्ख्या कुन्सान शहरात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी परवापरवापर्यंत छाती ठोकून सांगत होतो.

आमचा अड्डा म्हणजे मिसुकबाईंचा बिलियर्ड हॉल. सुक्या मासळीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी तिथे सगळे आमच्यासारखेच, नोकरीतून सुटलेले आणि घरात नकोसे झालेले. नवा माणूस आला की आम्ही त्याचं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. "किती मारता?" एवढंच विचारतो. तो म्हणतो, "दोनशे." झाली ओळख!

आमच्या टेबलाला भोकं नसतात. आपल्या चेंडूने दोन्ही तांबड्या चेंडूंना शिवायचं, शिवलं की तारेवरचा एक मणी सरकवायचा. दुसऱ्याच्या चेंडूला धक्का लागला की सरकवलेला मणी परत. दीडशेवाल्याने पंधरा मणी सरकवायचे, अडीचशेवाल्याने पंचवीस. ज्याचे आधी संपले तो जिंकला, आणि हरला त्याने सगळ्यांना तिखटजाळ शेवया खिलवायच्या. म्हणजे कच्च्याने पक्क्याशी खुशाल भिडावं. गंमत अशी की आकडा ज्याचा त्याने सांगायचा! म्हणजे लबाडीला रान मोकळंच. अडीचशे मारणारा गडी "दीडशे" सांगतो आणि फुकट शेवया ओरपतो. असल्या माणसाला आम्ही 'खारट' म्हणतो. आमच्यात यापेक्षा वाईट शिवी नाही.

आणि आमच्यात सगळ्यात अळणी माणूस म्हणजे सोकचुलदादा! नोकरी वजनमापं तपासण्याची. मासळीबाजारातले काटे तपासण्यात हयात गेली. दादा गल्लीच्या तोंडाशी दिसले की काट्याखालची लोहचुंबकं आपोआप समुद्रात पडायची. लष्करातून सुटून आले तेव्हापासून त्यांचा आकडा अडीचशे. ना कमी, ना जास्त. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी सोलला. घरी बोलायला टीव्ही, आणि तोही एकटाच बोलतो. दुपारी बारा वाजले की दादा आमचा जिना चढायचे.

या हिवाळ्यात त्यांचा हात थरथरायला लागला. रोज हार! शेवया खिलवून खिलवून थकले, पण तक्रार नाही. मग एके दिवशी बघतो तर दादा आपली खेळायची काठी कापडात गुंडाळतायत.

"दादा, काठी कुठे निघाली?" मी विचारलं.

"घरी."

"दुरुस्तीला?"

"छे. पुरे झालं, पिलसू. अडीचशे म्हणवून घेतो आणि बारा मणी सरकत नाहीत. हे खोटं वजन आहे. खोटं वजन घेऊन मी बाजारात बसत नाही."

आमचा मानबोक, माझ्यासारखाच दीडशेवाला, म्हणजे भोळा सांब. तो पटकन बोलून गेला, "मग दोनशे करा की!"

मिसुकबाईंच्या हातातला कॉफीचा पेला हवेतच थांबला. अहो, आमच्यात आकडा चढतो. चढला की तो माणूस सगळ्यांना मेजवानी देतो. पण उतरवायचा? लोक हॉल सोडतात, शहर सोडतात, आकडा नाही सोडत! दादांनी मानबोककडे असं पाहिलं की तो बिचारा काठीला लावायचा खडूच चघळायला लागला.

मी कसंबसं म्हटलं, "दादा, उद्या एक शेवटचा डाव. माझ्याखातर."

जिन्यात मानबोकला गाठला. "ऐक. हा माणूस एकदा घरात बसला ना, की उठायचा नाही. माझे वडील असेच बसले होते. उद्यापासून आपण हरायचं."

"मुद्दाम? आणि दादांना कळलं तर?"

"मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी कळलं, हरायला किती अक्कल लागते ते. चुकवायचं म्हणून नेम बाजूला धरला, तर चेंडू कडेवर आपटून फिरला आणि दोन्ही तांबड्यांना शिवून आला! आमच्यात असा फुकटचा मणी मिळाला की वाकून माफी मागायची रीत आहे. मी वाकलो. पुढचा फटका डोळे मिटून मारला. परत लागला! परत वाकलो. त्या दिवशी मी जितका वाकलो तितका सासऱ्यांपुढेही कधी वाकलो नव्हतो. शेवटी सरळ दादांच्या चेंडूलाच धक्के मारत सुटलो आणि मणी परत देत गेलो. तिकडे मानबोक दर फटक्याला शिंकत होता.

"मानबोक, सर्दी झालीय का तुला?" दादांनी विचारलं.

"फार! म्हणजे, फटका मारायला गेलो की होते."

दादा जिंकले! चेहरा काय खुलला म्हणता! शेवयांतले शिंपले आमच्या वाडग्यात काढून देत म्हणाले, "खा रे, खा. हरलेल्याला ताकद हवी." काठी परत खुंटीला लागली. मी मानबोकला डोळा मारला. सांगितलं होतं ना!

असे दोन महिने गेले. आम्ही हरत होतो, दादा फुलत होते. केस काळे केले, मफलर नवा आला. आणि मग एका दुपारी दादा टेबलाला टेकून उभे राहिले, घसा खाकरला.

"मंडळी, मला रात्री झोप लागत नाही. मी सारखा जिंकतोय. अडीचशे सांगतो आणि मारतो जास्त. म्हणजे मी खारट झालो! हे मला शोभत नाही. आजपासून सोकचुल, तीनशे!"

टाळ्या पडल्या. मेजवानी झाली. मी मनातल्या मनात हिशेब केला. तीनशे म्हणजे तीस मणी! हात थरथरणाऱ्या माणसाने तीस मणी सरकवायचे आणि तोवर आम्ही पंधरा सरकवायचे नाहीत!

"आता काय करायचं?" मानबोकने कानात विचारलं.

"आणखी हरायचं!"

आणखी हरलो. एकेक डाव असा लांबायचा की मिसुकबाई दिवे मालवून बघायच्या. "अहो पिलसू, तुमचा हा डाव संपणार आहे की मी तुमच्या नावावर हॉलच करू?" मी टेबलावरची धूळ पुसायचो, बुटाची नाडी बांधायचो, मणी सरकवायला 'विसरायचो'. घरी बायको म्हणाली, "रोज हरून येता आणि हसता? डॉक्टरकडे चला!" आणि हे सगळं करून मिळवलं काय? दादांनी पुन्हा घसा खाकरला! म्हणाले, "चारशे!"

चारशे म्हणजे आमच्या भागात बडी असामी. बातमी बंदराकडच्या हॉलमध्ये गेली. तिथला यांग म्हणून निवृत्त बोटमालक, तोही चारशे. त्याने आमंत्रण पाठवलं, "रविवारी या, बरोबरीचा माणूस बघायला मिळत नाही."

माझी पाचावर धारण बसली. आता हा माणूस परक्या हॉलमध्ये चारशे सांगणार, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडली त्यालाच लोक खोटा म्हणणार! आणि ते करणारा कोण? मी!

रविवारी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. दादा कडक इस्त्रीच्या कोटात आरशापुढे.

"दादा, एक बोलायचं होतं."

"नंतर बोल. कॉलर नीट आहे का बघ मागून." मग आरशातूनच म्हणाले, "तुझी वहिनी असती तर आज आली असती रे बघायला. मला म्हणायची, अडीचशेवरच मरणार तुम्ही."

मी कॉलर नीट केली.

यांग फार सभ्य माणूस. तिथे कोणी शिंकलं नाही, कोणी नाडी बांधली नाही. यांगचे चाळीस मणी संपले तेव्हा दादांच्या तारेवर एकतीस मणी जागच्या जागी होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "मिसुकबाईंकडे आकडे स्वस्तात मिळतात वाटतं!" दोघंतिघं हसले. दादा वाकून यांगला धन्यवाद म्हणाले आणि कोट चढवला. सबंध वाट आम्ही शेजारी शेजारी चाललो. मला रडू येत होतं, खरंच सांगतो.

पुढे तीन दिवस दादा आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, घंटी दाबायची हिंमत झाली नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

चौथ्या दिवशी बाराला जिना वाजला. दादाच! सरळ माझ्यापुढे येऊन उभे.

"पिलसू, एक काटा एका बाजारात बरोबर दाखवतो, दुसऱ्या बाजारात चूक दाखवतो. तपासणाऱ्याने काय तपासायचं?"

"काटा?"

"वजनं, बाबा, वजनं! इथे मला तोलत कोण होतं? तुम्ही दोघं!"

आलं सगळं अंगाशी! मानबोकने तर डोळेच मिटून घेतले.

दादांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा थरथरत होता, माझाही थरथरत होता. "मला माफ कर रे. मी आंधळा. जिंकायच्या नशेत होतो. इतके महिने तुझ्याकडून पंधरा मणी सरकत नव्हते, आणि माझ्या लक्षात आलं नाही! रोज हसून शेवया खिलवत होतास. किती वाईट वाटलं असेल तुला! तुझ्यात आता दीडशे राहिले नाहीत, पिलसू. मानबोकमध्येही नाहीत."

"पण दादा, आम्ही तर..." मानबोकने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. पूर्ण वजनानिशी.

"लाजायचं काय त्यात?" दादा म्हणाले. "उतरवा आकडा. तुम्हाला जड जाईल, माहीत आहे मला. म्हणून मी आधी उतरतो." आणि हॉलकडे तोंड करून, बाजारात ओरडायचे तसल्या आवाजात ओरडले, "मिसुकबाई! सोकचुल, दीडशे!"

आमच्या हॉलमध्ये हे कधी कुणी ऐकलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "पिलसू, शंभर!" मानबोक एका पायावर उभा राहून म्हणाला, "मी पण!" आणि मग कोपऱ्यातून तीनशेवाल्या शिन म्हाताऱ्याने खाकरून, भिंतीकडे बघत म्हटलं, "माझे, माझे दोनशे धरा."

"आज बाजार कोसळला म्हणायचा!" मिसुकबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत सगळ्यांसाठी कॉफी करायला गेल्या.

आता काही चिंता नव्हती. दादांचा आकडा खरा होता, तो माणूस रोज येणार होता. मुद्दाम हरायची गरजच नव्हती! मी काठीला खडू लावला. दादांचे पंधरा मणी, माझे अवघे दहा. म्हटलं, दाखवू या जरा, शंभरवाला किती मारतो ते! पाय नीट रोवले, श्वास धरला, नेम दोनदा तपासला. अगदी जीव ओतून खेळलो.

दादांचे पंधरा संपले तेव्हा माझे तीन मणी उरले होते.

मानबोक लंगडत जवळ आला. कौतुकाने त्याचे डोळे भरून आले होते. कानाशी लागून म्हणाला, "लेका, मानलं तुला! आज तर मलासुद्धा कळलं नाही मुद्दाम हरलास ते!"

"सवय लागते हळूहळू," मी म्हटलं आणि शेवया मागवल्या.